पासपोर्टवरचा शिक्का म्हणजे अनुभव नव्हे!

- प्रतिनिधी

दिवाळीचे दिवे मालवतात न मालवतात तोच परदेशी शिक्षणाचे वेध लागलेल्या घरांतून एका वेगळ्याच धावपळीला सुरुवात होते. गुणपत्रिकांच्या प्रती, शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांचे उंबरठे, इंग्रजीच्या परीक्षांचे निकाल आणि या साऱ्यांच्या मध्यभागी रात्री-अपरात्री लिहिले जाणारे उद्देशपत्र. अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनाच्या वाटेने जाणाऱ्यांना मार्ग दाखवणारे पुष्कळ असतात. आंतरराष्ट्रीय संबंध, राजनय वा जागतिक धोरण या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मराठी तरुणाला मात्र बहुधा एकट्यानेच चाचपडावे लागते.

समजा, अशाच दोन अर्जांची आपण तुलना करीत आहोत. पहिला उमेदवार पुण्याचा. पदवीच्या शेवटच्या वर्षी तो युरोपातील एका स्वयंसेवी उपक्रमासाठी पंधरा दिवस जाऊन आला. अर्जात हे पंधरा दिवस सर्वांत वर, ठळक अक्षरांत झळकत आहेत. दुसरा उमेदवार रत्नागिरीचा. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो दोहा येथील एका बांधकाम कंपनीत तीन वर्षे होता. मजुरांची हजेरी, वेतनपत्रके, निवास परवान्यांचे नूतनीकरण, आजारी माणसाला मायदेशी धाडण्याची व्यवस्था ही त्याची रोजची कामे. त्याने मात्र ही तीन वर्षे एका ओळीत गुंडाळली आहेत : 'टाइमकीपर, दोहा'. आखातातली नोकरी म्हणजे पोटापाण्याची सोय, तिचा आंतरराष्ट्रीय संबंधांशी काय संबंध, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

वस्तुतः कामगारांचे स्थलांतर, दोन देशांतील करार, कायदा आणि त्याची अंमलबजावणी या गोष्टी दुसऱ्या तरुणाने रोज हाताळल्या आहेत. पहिल्याने त्या पुस्तकात वाचल्या असतील. तरीही कागदावर पहिला उमेदवार 'आंतरराष्ट्रीय' वाटतो आणि दुसरा कारकून. अमेरिकेतील नामवंत संस्थेत दोन वर्षांचे शुल्क आणि राहणीखर्च मिळून आकडा एक कोटी रुपयांच्या पुढे जाऊ शकतो. अशा वेळी प्रवेशाबरोबरच शिष्यवृत्तीही याच अर्जावर ठरणार असेल, तर एका ओळीत गुंडाळलेल्या तीन वर्षांची किंमत फार मोठी होते.

अभ्यासक्रमांचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवणाऱ्या संस्थांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात संशोधनाकडे नेणारे अभ्यासक्रम येतात. तेथे विषयाचा सैद्धांतिक पाया आणि प्रबंधाची क्षमता यांना महत्त्व असते. दुसरा प्रकार व्यावसायिक अभ्यासक्रमांचा. राजनयिक सेवा, संयुक्त राष्ट्रांसारख्या संघटना, विकास संस्था, धोरण संशोधन आणि बहुराष्ट्रीय उद्योग यांच्यासाठी माणसे घडवणे हा त्यांचा हेतू. कामाच्या अनुभवाला खरे वजन मिळते ते येथे.

या दुसऱ्या प्रकारातील काही नावे मराठी विद्यार्थ्यांच्याही परिचयाची आहेत. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाचे स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस १९१९ मध्ये सुरू झाले. टफ्ट्स विद्यापीठातील फ्लेचर स्कूल १९३३ चे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संलग्न असलेले 'सैस' १९४३ चे, तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील 'सिपा' १९४६ चे. प्रिन्स्टन विद्यापीठातील १९३० साली स्थापन झालेल्या संस्थेला पूर्वी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव होते. ते २०२० मध्ये काढण्यात आले. युरोपात जिनिव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट १९२७ पासून कार्यरत आहे, तर पॅरिसच्या सिआन्स पो या विख्यात संस्थेने आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी स्वतंत्र विद्याशाखा २०१० मध्ये उघडली.

यांतील बहुतेक अभ्यासक्रमांत पदवीनंतर काही वर्षे काम केलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. सात-आठ वर्षे वा त्याहून अधिक अनुभव असणाऱ्यांसाठी काही संस्थांत एका वर्षाचे वेगळे अभ्यासक्रमही आहेत. तेव्हा अनुभव केवळ असून भागत नाही. तो कोणत्या अभ्यासक्रमासाठी आणि कशासाठी मांडायचा, हे आधी ठरवावे लागते.

समिती अनुभवात शोधते तरी काय?

या संस्थांतील अध्यापनाची पद्धत समजली की प्रवेश समितीची दृष्टीही समजते. वर्गात एखाद्या देशावरील निर्बंधांची चर्चा चालू असते. त्या वेळी बँकेत काम केलेला विद्यार्थी पैसे कोठे अडकतात ते सांगतो, मदतकार्यात असलेली विद्यार्थिनी औषधे कोठे अडकतात ते सांगते आणि लष्करातून आलेला तिसरा सीमेवरचे वास्तव मांडतो. विद्यार्थी परस्परांकडूनही शिकतात, असे येथे गृहीत धरलेले असते. म्हणूनच 'हा उमेदवार वर्गात काय घेऊन येणार' हा प्रश्न समितीपुढे असतो.

त्यापाठोपाठ आणखी तीन प्रश्न येतात. उमेदवाराने परक्या परिस्थितीत प्रत्यक्ष जबाबदारी पेलली का? त्या कामातून त्याला असा एखादा प्रश्न पडला का, की ज्याचे उत्तर शोधण्यासाठी शिक्षणाची गरज आहे? आणि हे शिक्षण घेतल्यावर तो जे करू म्हणतो, ते त्याच्या आजवरच्या वाटचालीशी सुसंगत आहे का? या प्रश्नांची उत्तरे देणारा अनुभव नागपूरचा असो वा नैरोबीचा, तो मोलाचा ठरतो. उत्तरे न देणारा अनुभव न्यूयॉर्कचा असला, तरी तो प्रवासवर्णनाच्या पलीकडे जात नाही.

'परदेश' नेमका कोणासाठी?

येथे एक गफलत नेहमी होते. अमेरिकी उमेदवारांसाठी असलेले मार्गदर्शन आपल्याकडील विद्यार्थी जसेच्या तसे स्वीकारतात. अमेरिकेत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या 'पीस कोअर' या योजनेखाली तेथील तरुण सुमारे २७ महिने अन्य देशांत जाऊन शाळा, आरोग्य केंद्रे, शेती अशा क्षेत्रांत काम करतात. अनेक जण जपानसारख्या देशात इंग्रजी शिकवून येतात. अशा तरुणांना 'समुद्रापलीकडचा अनुभव' सिद्ध करावा लागतो, कारण एरवी त्यांचे आयुष्य एकाच देशात गेलेले असते.

भारतीय उमेदवाराचे तसे नाही. बॉस्टन वा वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या समितीच्या दृष्टीने नंदुरबारमधील कुपोषणावरचे काम हाही परदेशातीलच अनुभव आहे. केवळ अर्जावर परकीय शहराचे नाव हवे, म्हणून पदरचे पैसे मोडून चार आठवड्यांच्या 'स्वयंसेवा सहली' करण्याची काहीही गरज नाही. अशा सहली समित्यांच्या चांगल्या परिचयाच्या असतात आणि दोन आठवड्यांत एखाद्या देशाची नाडी कळली, हा दावा वाचणाऱ्याला सहसा पटत नाही. सहल झालीच असेल, तर ती 'इतर उपक्रम' या सदरात एका ओळीत नोंदवावी.

याचा अर्थ परदेशातील नोकरी गौण आहे, असा मात्र नव्हे. दुसऱ्या देशाचे कायदे, भाषा आणि माणसे यांच्यात राहून पार पाडलेले काम हे या विषयासाठी फार मोठे भांडवल आहे. मराठी माणसाजवळ ते अनेकदा असते; ते ओळखता आले पाहिजे.

आखात, जहाज आणि संगणक

महाराष्ट्रातून परदेशी नोकरीच्या तीन वाटा विशेष रुळलेल्या आहेत. या तिन्हींचे आंतरराष्ट्रीय व्यवहारांशी असलेले नाते स्पष्ट करता येते.

पहिली वाट आखाताची. वर उल्लेखिलेल्या दोह्याच्या नोकरीचेच पाहू. ऑगस्ट २०२० मध्ये कतार सरकारने नोकरी बदलण्यासाठी आधीच्या मालकाच्या ना हरकत प्रमाणपत्राची अट रद्द केली आणि सर्व कामगारांसाठी दरमहा १,००० रियाल असे किमान मूळ वेतन ठरवले. ही वेतनाची तरतूद मार्च २०२१ मध्ये लागू झाली. जगभरातील कामगार संघटना आणि मानवी हक्क संस्थांचे या सुधारणांकडे लक्ष होते. त्या काळात वेतनपत्रके करणाऱ्या माणसाने एका गाजलेल्या धोरणाची अंमलबजावणी आतून पाहिली आहे. आपल्या बाजूने पाहिले, तर १९८३ चा उत्प्रवासन कायदा आणि दहावीपर्यंत शिक्षण न झालेल्या कामगारांना ठरावीक देशांत जाण्यापूर्वी घ्यावी लागणारी सरकारी मंजुरी, हीदेखील त्याच साखळीतील कडी आहे.

दुसरी वाट समुद्राची. व्यापारी जहाजांवरील अधिकारी स्वतःला तंत्रज्ञ समजतो आणि तेवढेच अर्जात लिहितो. परंतु कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, बंदरे बंद झाल्याने सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, हा आंतरराष्ट्रीय कायद्याचाच पेच होता. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे जहाज रुतले, तेव्हा सहा दिवस जागतिक व्यापाराची एक धमनी बंद पडली. त्या जहाजावरील २५ही कर्मचारी भारतीय होते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर झालेल्या हल्ल्यांमुळे अनेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालणारा लांबचा मार्ग धरला. असा एखादा प्रसंग ज्याने जहाजाच्या पुलावरून अनुभवला, त्याने सागरी सुरक्षेवर बोलताना केवळ पुस्तकांचा आधार का घ्यावा?

तिसरी वाट माहिती तंत्रज्ञानाची. पुण्यातील कंपनीकडून फ्रँकफर्ट किंवा लंडनला 'ऑनसाइट' गेलेल्या अभियंत्याला आपले काम निव्वळ तांत्रिक वाटते. परंतु युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला, तेव्हा असंख्य प्रणाली बदलाव्या लागल्या. कोणती माहिती भारतातील कर्मचाऱ्याला दिसावी आणि कोणती दिसू नये, हा प्रश्न त्या अभियंत्यासमोर रोज उभा होता. पुढे भारतानेही २०२३ मध्ये याच विषयावर स्वतंत्र कायदा केला. डिजिटल धोरणाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला याहून चांगला आरंभबिंदू कोणता?

अर्थात, येथे एक मर्यादा पाळावी लागते. त्या मोठ्या घटनेचे श्रेय आपल्या पदरात पाडून घ्यायचे नाही. 'कतारच्या कामगार सुधारणा राबवल्या' असे लिहिणे हास्यास्पद ठरेल. 'त्या सुधारणा लागू होत असताना आमच्या कंपनीतील वेतनपत्रके माझ्याकडे होती' एवढे पुरे. आपण कोठे उभे होतो हे नेमके सांगितले की तेथून काय दिसले, यावर वाचणारा विश्वास ठेवतो.

रिझ्युमे : पदनाम नको, काम सांगा

आपल्याकडील पारंपरिक बायोडेटामध्ये वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म आणि कोपऱ्यात छायाचित्र असते. अमेरिकी संस्थांकडे पाठवायच्या रिझ्युमेत यांपैकी काहीही नसते. पानांची संख्या आणि मांडणी यांबाबत संस्थेने सूचना दिली असल्यास ती काटेकोरपणे पाळावी. सूचना नसेल, तर अलीकडचे काम आधी या क्रमाने एक-दोन पानांत आटोपावे.

परदेशी वाचकाला आपली पदनामे कळत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. 'कनिष्ठ सहायक', 'ओव्हरसीअर' किंवा 'टाइमकीपर' या शब्दांतून त्याला फारसा बोध होत नाही. पदनाम बदलू नये, कारण अनुभवाच्या दाखल्यावर तेच असणार. मात्र त्याखाली कामाचे वर्णन असे करावे की पदनामाचा अर्थ आपोआप उलगडेल. एक नमुना पाहू.

आधीचे वाक्य : 'मनुष्यबळ विभागातील विविध जबाबदाऱ्या यशस्वीपणे सांभाळल्या.'

सुधारित वाक्य : 'चार देशांतून आलेल्या ३४० कामगारांची हजेरी व वेतनपत्रके तयार केली, किमान वेतनाचा नवा नियम लागू झाल्यावर ६० कामगारांच्या वेतनातील फरक शोधून तो लेखा विभागाकडे दुरुस्तीसाठी मांडला.'

दुसऱ्या वाक्यात विशेषणे नाहीत. माणसे किती, काम कोणते आणि त्यातून काय घडले, हे मात्र कळते. यातील आकडे अर्थातच काल्पनिक आहेत. आपल्या अर्जात ते दाखल्यांनिशी सिद्ध करता येतील असेच असावेत.

काही बारीक गोष्टीही महत्त्वाच्या असतात. लाख आणि कोटी ही एकके परदेशात कळत नाहीत. तेथे दशलक्षात लिहावे लागते. रक्कम रुपयांत वा रियालमध्ये असेल, तर डॉलरमधील अंदाजे मूल्य सोबत द्यावे. अमेरिकेत तारखेत महिना आधी येतो, म्हणून महिन्याचे नाव अक्षरांत लिहिणे सोयीचे. जिल्हा परिषद, बचत गट, रोजगार हमी अशा संज्ञा पहिल्यांदा येतील तेथे चार-पाच शब्दांत समजावून सांगाव्यात. नोकरी पूर्णवेळ होती की अर्धवेळ, वेतन मिळत होते की नाही, हे स्वच्छ लिहावे. पतीच्या नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या आणि कामाचा परवाना नसलेल्या अनेक महिला तेथील ग्रंथालयांत किंवा निर्वासितांना भाषा शिकवणाऱ्या केंद्रांत विनावेतन काम करतात. ती वर्षे 'रिकामी' म्हणून लपवण्याऐवजी 'स्वयंसेवा, आठवड्याला इतके तास' अशी नोंदवावीत.

भाषांचा रकाना भरतानाही संकोच नको. आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या काही अभ्यासक्रमांत इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेचे ज्ञान अपेक्षित असते. कामाच्या ठिकाणी शिकलेली अरबी किंवा जर्मन बोलता येते पण वाचता येत नाही, तर तसेच लिहावे. मराठी आणि हिंदी या आपल्या भाषांचाही रीतसर उल्लेख करावा.

उद्देशपत्र : एक प्रसंग आणि एक प्रश्न

रिझ्युमेत जे आहे, तेच परिच्छेदांच्या रूपात पुन्हा लिहिणे ही उद्देशपत्रातील सर्वांत सामान्य चूक. दुसरी चूक म्हणजे 'लहानपणापासून मला जगाविषयी कुतूहल होते' अशी सुरुवात. तिसरी चूक संस्कृतीच्या स्तुतीची : विविध संस्कृतींच्या संपर्काने माझे क्षितिज विस्तारले, मी सहिष्णू झालो वगैरे. ही वाक्ये कोणत्याही देशाचे नाव घालून कोणालाही लिहिता येतात. म्हणूनच ती कोणाचीच राहत नाहीत.

याउलट एखादा नेमका प्रसंग निवडावा, ज्यात काहीतरी अडले होते. दोह्याच्या आपल्या उमेदवाराला असे लिहिता येईल :

'नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या पत्राची अट रद्द झाली, त्यानंतर काही आठवडे मजूर रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन विचारत, आता आम्ही जाऊ शकतो का? कायद्याने ते जाऊ शकत होते. पण अर्ज ऑनलाइन करायचा होता, भाषा परकी होती आणि ज्याच्या खोलीत राहायचे त्याच मालकाशी वैर घ्यायचे होते. कायदा बदलणे आणि तो माणसाच्या हाती पडणे यांत किती अंतर असते, हे मला तेव्हा कळले. हे अंतर कोणत्या देशांनी कसे कमी केले, याचा मला अभ्यास करायचा आहे.'

या परिच्छेदात उमेदवाराने स्वतःला नायक केलेले नाही. तरीही त्याची नजर, माणसांशी असलेले नाते आणि अभ्यासाची दिशा या तिन्ही गोष्टी दिसतात. शेवटच्या वाक्यातून अनुभव अभ्यासक्रमाला जोडला जातो. हा सांधा नसेल, तर उत्तम प्रसंगही नुसती आठवण होऊन राहतो. यापुढे त्या संस्थेतील स्थलांतर वा कामगार कायद्याशी संबंधित विषय कोणते, ते का हवेत आणि शिक्षणानंतर कोणत्या प्रकारच्या कामाकडे वळायचे आहे, हे ओघाने येते. अर्थातच प्रत्येक संस्थेसाठी हा भाग वेगळा लिहावा लागतो. एकाच पत्रातील विद्यापीठाचे नाव बदलून पाठवले, तर ते वाचणाऱ्याच्या लक्षात येते.

आणखी एक पथ्य. ज्या समाजात आपण काम केले, त्या समाजाविषयी दयेचा वा तुच्छतेचा सूर नसावा. 'ते बिचारे अडाणी होते, मी त्यांना शिकवले' हा भाव ओळींमधून झिरपतो. त्यापेक्षा आपल्या हातून काय चुकले आणि तेथल्या माणसांनी ते कसे सुधारले, हे प्रांजळपणे सांगणारा उमेदवार अधिक परिपक्व वाटतो.

शिफारस कोणाची घ्यावी?

पदाने सर्वांत मोठा अधिकारी हाच सर्वोत्तम शिफारसकर्ता, हा आपल्याकडील दृढ समज. प्रत्यक्षात ज्याने रोजचे काम पाहिले, त्या वरिष्ठाचे साधे पत्र सरव्यवस्थापकाच्या गुळगुळीत पत्राहून प्रभावी ठरते. नोकरी सोडतानाच त्याची परवानगी, कार्यालयीन ई-मेल आणि दूरध्वनी क्रमांक घेऊन ठेवावा. परदेशातील कंपन्यांत माणसे सतत बदलतात आणि दोन वर्षांनंतर जुना साहेब शोधणे कठीण होते.

'पत्र तूच लिहून आण, मी सही करतो' असे सांगणारे वरिष्ठ आपल्याकडे भेटतात. ही सवय धोक्याची आहे. बहुतेक संस्था शिफारसकर्त्याला स्वतंत्र दुवा पाठवून पत्र थेट मागवतात. उमेदवाराच्याच शैलीत उतरलेले पत्र संशय निर्माण करते. वरिष्ठाला इंग्रजीत लिहिण्याची सवय नसेल, तर त्याला आपण केलेल्या कामांची टिपणे आणि अभ्यासक्रमाची माहिती द्यावी. शब्द मात्र त्याचेच असू द्यावेत.

अतिशयोक्तीचा सापळा

तीन महिन्यांचे सहा महिने करणे, 'सहभाग'ऐवजी 'नेतृत्व' लिहिणे, विनावेतन काम नोकरी म्हणून दाखवणे असे मोह अर्ज भरताना होतात. परंतु संस्था अनुभवाची पडताळणी करू शकतात आणि खोटेपणा उघड झाल्यास दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो. शिवाय अमेरिकी दूतावासांनी जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांसाठी खुली ठेवण्यास सांगितले आहे. अर्जात एक पदनाम, व्यावसायिक संकेतस्थळावरील खात्यावर दुसरे आणि अनुभवाच्या दाखल्यावर तिसरे, अशी विसंगती असेल तर प्रश्न उभे राहणारच. अर्ज पाठवण्यापूर्वी हे तिन्ही कागद शेजारी ठेवून तपासावेत.

याच्या नेमकी उलट चूक गोपनीयतेची. कंपनीच्या ग्राहकांची नावे, करारातील आकडे किंवा पीडित व्यक्तींची ओळख उघड करून आपला अनुभव जिवंत करण्याचा प्रयत्न करू नये. 'एक युरोपीय बँक', 'नेपाळहून आलेला एक कामगार' इतके पुरेसे असते. पुढे राजनयिक किंवा मदतकार्यात जाऊ इच्छिणारा उमेदवार विश्वासाची जबाबदारी कशी सांभाळतो, हे त्याच्या अर्जावरूनच कळते.

अनुभव अपुरा असेल तर?

पदवी हाती पडताच अर्ज करावा की दोन वर्षे थांबावे, हा प्रश्न घरोघरी चर्चिला जातो. संशोधनाकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमांना लगेच जाण्यात अडचण नसते. व्यावसायिक अभ्यासक्रमांबाबत मात्र थांबणे बहुधा हिताचे ठरते. काही शिष्यवृत्त्यांत तर अनुभव ही अटच आहे. ब्रिटनमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळणाऱ्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. कोणते काम त्यात धरले जाते, याचे नियम त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहावेत. नोकरीच्या नोंदी, करारपत्रे आणि वेतनचिठ्ठ्या जपून ठेवण्याची सवय येथे कामी येते.

या क्षेत्रातील रोजगाराचे वास्तवही डोळ्यांआड करता येणार नाही. अमेरिकेची विकास साहाय्य संस्था 'यूएसएड'चे काम जुलै २०२५ मध्ये थांबले आणि तिच्या निधीवर चालणारे अनेक प्रकल्प, भारतातीलही, बंद पडले. अशा प्रकल्पातून अचानक बाहेर पडावे लागलेल्या उमेदवाराने ती घटना लपवू नये. प्रकल्प का थांबला, अर्धवट राहिलेल्या कामाचे काय झाले आणि एका देशाच्या निधीवर अवलंबून राहण्याविषयी आपण काय शिकलो, हे दोन-तीन वाक्यांत सांगितले, तर तोच भाग अर्जातील सर्वांत विचारप्रवर्तक ठरू शकेल. त्याबरोबरच कर्ज काढून हे शिक्षण घेताना पुढील नोकरीचा विचार केवळ संयुक्त राष्ट्रांपुरता मर्यादित न ठेवण्याचे शहाणपणही हवे.

वहीचे एक पान

अमेरिकेतील बहुतेक संस्थांच्या मुदती डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान येतात. चेव्हनिंगचे अर्ज ऑगस्टमध्येच खुले होतात. म्हणजे विचाराला सुरुवात पावसाळ्यातच व्हायला हवी. पहिल्या दिवशी संगणक उघडू नये. वहीचे एक पान घ्यावे आणि परदेशातील वा देशातील कामाचे असे पाच प्रसंग लिहावेत, जेव्हा नियम एक सांगत होता आणि समोरचे वास्तव दुसरेच होते. प्रत्येकापुढे आपण काय केले आणि काय करू शकलो नाही, हे मराठीतच लिहावे. यातील ज्या प्रसंगाने आजही झोप उडते, त्यातच बहुधा उद्देशपत्र दडलेले असते.

रत्नागिरीच्या त्या तरुणाने हे पान लिहायला घेतले, तर पाच ओळींवर ते थांबणार नाही. 'टाइमकीपर, दोहा' या दोन शब्दांच्या मागे त्याची तीन वर्षे आहेत आणि शेकडो माणसांच्या कहाण्याही. त्या त्याने स्वतःच कमी लेखल्या, तर हजारो मैलांवर बसलेल्या समितीला त्यांचे मोल कळणार कसे?